तक्त्यात नसलेला पाचवा रकाना

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत एक तक्ता आहे. सांडपाणी सोडताना त्यात कोणता घटक जास्तीत जास्त किती असावा, हे तो तक्ता सांगतो. त्याला चार रकाने आहेत: नद्या-तलावांसारखे पृष्ठभागावरील जलसाठे, सार्वजनिक गटारे, सिंचनाखालील जमीन आणि सागरकिनारा. पाणी या चारांपैकी कुठे जाणार, त्यानुसार मर्यादा बदलते. पाचवा रकाना नाही. ग्रामीण भारताचे बहुतांश पिण्याचे पाणी ज्या साठ्यातून येते, त्या भूजलाचे नाव या तक्त्यात कुठेही नाही.

भूजलाच्या सर्वांत जवळचा रकाना सिंचनाखालील जमिनीचा. तो नीट वाचण्यासारखा आहे. षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा नदी-तलावांसाठी लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, गटारांसाठी २ मिलिग्रॅम आणि समुद्रासाठी १ मिलिग्रॅम आहे. जमिनीच्या रकान्यात त्यापुढे एक आडवी रेघ आहे. पाऱ्यापुढे रेघ, शिशापुढे रेघ, कॅडमियमपुढेही रेघ. जमिनीवर सोडलेले पाणी जमिनीवरच राहते, या गृहीतकावर जणू हा रकाना उभा आहे. भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे गृहीतक मान्य होणार नाही.

यातला विरोधाभास असा की, मूळ कायदा याबाबत पुरेसा डोळस आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मध्ये ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या करताना नदी, ओढा, समुद्र यांच्याबरोबर भूमिगत पाण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर विषारी द्रव्य जाऊ देण्यास कलम २४ मनाई करते. कलम २५ नुसार असा विसर्ग होण्याची शक्यता असलेला उद्योगच नव्हे, तर कोणतीही ‘क्रिया किंवा प्रक्रिया’ सुरू करण्यापूर्वी राज्य मंडळाची संमती घ्यावी लागते. संशोधन संस्था या शब्दांबाहेर राहत नाही. मात्र कलम २४ ची मनाई मंडळाने ठरवलेल्या मानकांशी बांधलेली आहे. आणि मानकांच्या तक्त्यात भूजलाला जागाच नाही. कायद्याने दार लावले, तक्त्याने त्याची कडी काढून ठेवली.

राज्य मंडळे संमतिपत्रात याहून कडक अटी घालू शकतात, हे खरे. पण जो अधिकार वापरणे ऐच्छिक असते, तो जिथे दबाव असतो तिथे वापरला जातो. कारखान्यावर असा दबाव असतो: गावकरी असतात, मोर्चे असतात, न्यायालये असतात. संशोधन संस्थेभोवती मात्र प्रतिष्ठेची तटबंदी असते. झाडांनी भरलेले आवार, दारावर सुरक्षारक्षक, आत देशाची बुद्धिमत्ता. अशा जागेच्या गटाराकडे बोट दाखवणे जवळजवळ असभ्यपणाचे ठरते.

ही सभ्यता महाग पडते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते समजण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. आपल्या प्रयोगशाळेतील बेसिनपर्यंत गेले तरी पुरे.

पाण्यातील प्रदूषण मोजण्याची सर्वांत परिचित कसोटी म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच सीओडी. या कसोटीत नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल, सिल्व्हर सल्फेट आणि मर्क्युरिक सल्फेट घालून तो उकळतात. म्हणजे पाणी किती घाण आहे हे ठरवण्यासाठी केलेल्या प्रत्येक परीक्षणातून षट्संयुजी क्रोमियम आणि पारा असलेले थोडे द्रावण शिल्लक उरते. काचसामान धुण्याचे क्रोमिक आम्ल म्हणजे पुन्हा डायक्रोमेटच. त्यानंतर ते द्रावण कुठे जाते? ज्या संस्थेत त्यासाठी वेगळी बरणी, वेगळी नोंदवही आणि ती बरणी नेणारी अधिकृत व्यवस्था आहे, तिथे या प्रश्नाला उत्तर आहे. ज्या संस्थेत फक्त नळ आहे, तिथेही उत्तर आहे.

‘प्रमाण किती अल्प असते!’ हा त्यावरचा नेहमीचा प्रतिवाद. प्रमाणाचा हिशेब करता येतो. भारतीय पेयजल मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. म्हणजे १ ग्रॅम क्रोमियम २०,००० लिटर स्वच्छ पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. दहा ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये सुमारे साडेतीन ग्रॅम क्रोमियम असते, म्हणजे ७०,००० लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सात टँकर. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचेही नव्हेत. हा हिशेब अर्थातच सर्व क्रोमियम पाण्यापर्यंत पोहोचले असे धरून केलेला आहे. पण ते पोहोचत नाही याची खातरजमा कोणी केलेली नसेल, तर ‘अल्प’ या शब्दाला वैज्ञानिक अर्थ उरत नाही.

माती सगळे गाळून घेते, ही दुसरी समजूत. माती बरेच काही अडवते, सगळे नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. शिशासारखे धनभारित आयन तिला चिकटून राहतात. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात क्रोमेट या ऋणभारित रूपात असते. चिकणमातीच्या कणांना ते धरून ठेवता येत नाही आणि ते पाण्याबरोबर वाहत जाते. ट्रिटियम तर पाण्यात विरघळलेले नसते. ते स्वतःच पाण्याचा रेणू बनलेले असते. त्याला कोणती माती गाळणार? शिवाय देशाचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग कठीण खडकाचा आहे. तिथे पाणी वाळूतून हळूहळू झिरपत नाही, भेगांतून धावते. भेग कुठल्या दिशेने जाते हे कुंपणाकडे पाहून कळत नाही.

प्रतिष्ठेच्या तटबंदीआड हे सगळे घडले तर काय होते, याची सर्वांत बोलकी नोंद अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सापडते. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळा १९४३ मध्ये अणुबॉम्बसाठी उभी राहिली. तिच्याविषयी जगाला भीती वाटली ती प्लुटोनियमची. पण तिथल्या भूजलाला सर्वांत मोठा घाव घातला तो एका साध्या वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरने. टॉवरच्या पाण्यामुळे यंत्रणेला गंज चढू नये म्हणून १९५६ ते १९७२ या काळात त्या पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट मिसळले जात असे. काचसामान धुणाऱ्या बरणीत असते तेच द्रव्य. ते पाणी वेळोवेळी सँडिया कॅनियन या घळीत सोडले गेले. त्याबरोबर जास्तीत जास्त सुमारे ७२,००० किलो षट्संयुजी क्रोमियम गेले असावे, असा अंदाज आहे.

त्या काळी ही पद्धत सर्वत्र रूढ होती. कोणी कट केला नव्हता, कोणी गुपचूप रात्री नळी उघडली नव्हती. घळ कोरडी होती, खाली सुमारे ३०० मीटर खडक होता, आणि एवढ्या खडकातून काही खाली जाणार नाही असे वाटत होते. क्रोमियम खाली गेले. वाटेत आडवेही सरकले आणि शेजारच्या मॉर्टंडाड कॅनियनखाली मुख्य जलधरात पोहोचले. ते सापडले २००५ मध्ये. विसर्ग थांबून तेव्हा ३३ वर्षे झाली होती. दूषित पट्टा सुमारे दीड किलोमीटर लांब आणि त्याच्या निम्मा रुंद निघाला. राज्याचे भूजल-मानक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतीय पेयजलाच्या मानकाएवढेच. काही निरीक्षण विहिरींत त्याच्या कित्येक पट क्रोमियम आढळले.

पुढची कथा विज्ञानाच्या मर्यादेची आहे. दूषित पाणी उपसायचे, आयन-विनिमयाने स्वच्छ करायचे आणि पट्ट्याच्या कडेने पुन्हा जमिनीत सोडायचे, अशी योजना आखली गेली. सोडलेले पाणी दूषित पट्ट्याला बांध घालील अशी अपेक्षा होती. उलट त्यामुळे क्रोमियम पुढे ढकलले जात असल्याची शंका घेऊन राज्याच्या पर्यावरण विभागाने २०२३ मध्ये हे पाणी सोडणे थांबवायला लावले. पुढे २०२४ च्या अखेरीस हे काम अंशतः पुन्हा सुरू झाले. शेजारी सान इल्देफोन्सो प्युब्लो या मूळनिवासी समाजाची भूमी आहे. त्या भूमीखालील पाण्यातही मानकापेक्षा जास्त क्रोमियम पोहोचल्याचे राज्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. सोळा वर्षांच्या एका सोयीची किंमत सत्तर वर्षांनंतर तिसऱ्याच लोकांच्या दारात उभी राहिली. त्या लोकांनी ना ती वीज वापरली, ना त्या टॉवरचा निर्णय घेतला.

या प्रकरणातून भारताने घ्यायची गोष्ट केवळ भीती नाही. एक कायदेशीर रचनाही आहे. न्यू मेक्सिकोने १९७७ मध्ये भूजलासाठी वेगळे नियम केले. सांडपाणी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मार्गाने भूजलात जाण्याची शक्यता असेल, तर विसर्ग परवाना आवश्यक. परवान्याचा निकष म्हणजे नळीच्या तोंडाशी काय निघते एवढाच नव्हे. खाली साठलेल्या पाण्याचे काय होते, हाही. साठा पिण्यायोग्य असो वा आज कोणी वापरत नसो, त्याचे मानक मोडता येत नाही. लॉस अलामोसच्या किरणोत्सारी द्रव सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र १९६३ पासून मॉर्टंडाड कॅनियनमध्ये पाणी सोडत आले होते. त्यालाही असाच परवाना लागू झाला. अण्वस्त्रे घडवणाऱ्या संघराज्याच्या संस्थेला एका राज्याच्या नागरी विभागासमोर आपल्या सांडपाण्याचा हिशेब मांडावा लागला.

या रचनेतही दोष होता, आणि तो लपवण्याचे कारण नाही. त्या केंद्राच्या परवान्यासाठी अर्ज झाला १९९६ मध्ये. परवाना मिळाला २०१८ मध्ये. त्यानंतरही कायदेशीर लढाई थांबली नाही. बावीस वर्षे रेंगाळणारा परवाना पाण्याचेही रक्षण करत नाही आणि विज्ञानाचेही. म्हणून भारताने रचना घ्यावी, दिरंगाई घेऊ नये.

परवान्याइतकीच महत्त्वाची असते ती विहीर. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथले लोक पिण्याच्या पाण्यासाठी भूजलावरच अवलंबून आहेत. प्रयोगशाळेत १९६५ पासून एक संशोधन अणुभट्टी चालत होती. पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र या दोन्ही शाखांतील प्रयोगांसाठी ती न्यूट्रॉन पुरवत असे. वापरलेले इंधन ज्या कुंडात ठेवले जाई, ते कुंड गळत होते. गळती दिवसाला साधारण २३ ते ३४ लिटर, म्हणजे दीड-दोन बादल्या. अडीच लाख लिटरच्या कुंडात दोन बादल्यांची घट बाष्पीभवनाच्या हिशेबात सहज लपते. ती बारा वर्षांपर्यंत लपली असावी, असा नंतरचा अंदाज आहे.

अणुभट्टीजवळ निरीक्षण विहिरी घ्यायच्या, हे स्थानिक प्रशासनाशी बोलून १९९४ मध्ये ठरले होते. पण काम कमी महत्त्वाचे मानले गेले आणि मागे पडत राहिले. विहिरी झाल्या १९९६ मध्ये. जानेवारी १९९७ पर्यंत ट्रिटियम पेयजल-मानकाच्या कित्येक पट असल्याचे स्पष्ट झाले. कुंपणाबाहेरच्या पिण्याच्या विहिरींपर्यंत ते पोहोचले नव्हते. आरोग्याच्या दृष्टीने हानी टळली, असे म्हणता येईल. विश्वासाच्या दृष्टीने मात्र टळली नाही. १९४७ पासून प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचा करार मे १९९७ मध्ये रद्द झाला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये ती अणुभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. जगातील एक उत्तम संशोधन-साधन विज्ञानाच्या विरोधकांनी बंद पाडले नाही. वेळेवर न खणलेल्या विहिरींनी बंद पाडले. नियमनामुळे संशोधनाचे नुकसान होते असे म्हणणाऱ्यांनी हा ताळेबंद एकदा मांडून पाहावा.

भारतात असे काही घडत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे एच-आम्ल या रसायनाचे उत्पादन अत्यल्प काळ चालले. एकूण उत्पादन ३७५ टन. त्यातून निघालेले सांडपाणी सुमारे ८,२५० घनमीटर आणि गाळ सुमारे २,४४० टन. कारखाना बंद झाला, पण गावातील विहिरींचे पाणी गडद रंगाचे होऊन निकामी झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व याच प्रकरणात ठामपणे मांडले. भूमी आणि पाणी पूर्ववत करण्याचा सुमारे ३७ कोटी रुपयांचा अंदाज नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने दिला होता. ती रक्कम भरण्याचा आदेश न्यायालयाला २०११ मध्येही पुन्हा द्यावा लागला.

बिछडीतील विसर्ग कारखान्याचा होता, प्रयोगशाळेचा नव्हे. पण खडकाला हा फरक कळत नाही. आणि या प्रकरणातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: पाण्याचे नुकसान मोजायला न्यायालयाने बोलावले ते एका संशोधन संस्थेला. या देशात इतरांच्या भूजलाचा निवाडा करताना संशोधन संस्था साक्षीदार असतात, परीक्षक असतात, तज्ज्ञ समितीचे सदस्य असतात. जो दुसऱ्याच्या विहिरीचा नमुना घेतो, त्याने आपल्या आवारातील विहिरीचा आकडा आधी फलकावर लावावा, ही अपेक्षा अवाजवी कशी?

यावर येणारे आक्षेप ठरावीक आहेत आणि त्यांना उत्तरे देणे अवघड नाही.

पहिला आक्षेप: संस्थेकडे स्वतःचे तज्ज्ञ आहेत, तिला बाहेरच्या देखरेखीची गरज नाही. लॉस अलामोस आणि ब्रूकहेवन येथे तज्ज्ञांची वानवा होती असे कोणी म्हणणार नाही. एका इमारतीतील ज्ञान शेजारच्या इमारतीच्या तळघरात आपोआप उतरत नाही. न्यूट्रॉनचा अभ्यास करणाऱ्याला कुंडाची गळती दिसत नाही, कारण ते त्याचे काम नसते. देखरेख हे कोणाचे तरी काम असावे लागते, आणि ते करणारा माणूस संस्थेच्या संचालकाच्या हाताखालचा नसावा लागतो.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय सुरक्षेचा. तो गंभीर आहे, पण इथे लागू पडत नाही. लॉस अलामोसइतकी गुप्त संस्था क्वचितच असेल. तरी तिच्या निरीक्षण विहिरींची मोजमापे सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. विहिरीतील क्रोमियमच्या आकड्यावरून बॉम्बचा आराखडा काढता येत नाही. भारतात मात्र प्रवास उलट दिशेने झाला. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. २००० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र त्याच्या देखरेखीतून काढून अंतर्गत यंत्रणेकडे सोपवले गेले. नियामक मंडळाला पुरेशी वैधानिक स्वायत्तता नाही, अशी टीका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात केली. अंतर्गत यंत्रणा प्रामाणिक आणि सक्षम असू शकते. तरीही आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासून दिलेल्या गुणांवर बाहेरच्याने विश्वास कसा ठेवावा?

तिसरा आक्षेप: आणखी एका परवान्याने संशोधन मंदावेल. हेच भाकीत जनुक-अभियांत्रिकीच्या बाबतीत केले गेले होते. १९८९ च्या नियमांनुसार असे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. प्राण्यांवरील प्रयोगांना नैतिकता समितीची संमती लागते. भारतीय जैवतंत्रज्ञान त्यामुळे थांबले नाही; उलट त्याच्या निष्कर्षांना जगात मान्यता मिळणे सोपे झाले. उंदरासाठी समिती आहे, जिवाणूसाठी समिती आहे. आवाराखालच्या पाण्यासाठी मात्र नाही.

चौथा आक्षेप: आवारात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, शिवाय ‘शून्य विसर्ग’ धोरण आहे. असे केंद्र सामान्यतः मैलापाण्यासाठी बांधलेले असते. त्यातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. क्रोमियम, पारा किंवा कॅडमियम त्यांना खाता येत नाही. धातू नाहीसा होत नाही. तो गाळात जातो किंवा पाण्यात राहतो. ते पाणी बागेला घातले की कागदावरचा विसर्ग शून्य होतो. बाग मात्र जमिनीवरच असते, आणि जमिनीच्या रकान्यात रेघ असते.

चिंतेचे कारण एवढ्यापुरते नाही. जल अधिनियमात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. अनेक उल्लंघनांसाठीची कैद जाऊन तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला, आणि काही प्रकारच्या औद्योगिक प्रकल्पांना संमतीच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. निरुपद्रवी लघुउद्योगांचा जाच कमी व्हावा, हा हेतू समजण्याजोगा आहे. पण ‘निरुपद्रवी’ ठरवताना धुराडे आणि नाला पाहिला जातो. शोषखड्डा आणि बागेचा नळ पाहिला जात नाही. धुराडे नसलेली, नाल्याला न जोडलेली, शांत प्रयोगशाळा अशा यादीत किती सहज बसेल!

दुसऱ्या बाजूला एक आश्वासक घटनाही घडली. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहांना त्यातून सूट दिली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. बांधकामाचा पर्यावरणावर होणारा परिणाम इमारतीच्या हेतूवरून बदलत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व. भूजलालाही तेच तत्त्व लागू आहे. ज्ञाननिर्मितीच्या हेतूने सांडलेले क्रोमियम नफ्याच्या हेतूने सांडलेल्या क्रोमियमपेक्षा सौम्य नसते.

म्हणून मागण्या नेमक्या असायला हव्यात.

एक: सहाव्या अनुसूचीत भूजलाचा पाचवा रकाना यावा, आणि जमिनीच्या रकान्यातील धातूंपुढच्या रेघा जाऊन तिथे आकडे यावेत. कसोटी नळीच्या तोंडाशी आणि आवाराच्या सीमेवरील विहिरीत, अशा दोन्ही ठिकाणी लागावी. विहिरीतील निकष पेयजल-मानकाचा असावा, आणि जिथे खडकातच एखादा घटक नैसर्गिकरीत्या जास्त आहे तिथे मूळ पातळी आधी मोजून घ्यावी.

दोन: रसायने किंवा किरणोत्सारी द्रव्ये हाताळणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेच्या संमतिपत्रात पाणी बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेची यादी असावी: बेसिन, कूलिंग टॉवर, शोषखड्डा, बाग, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण. शेवटची वाट विशेष महत्त्वाची, कारण दूषित फरशीवरून वाहिलेले पाणी पुनर्भरण विहिरीत गेले, तर ते कोणत्याही गाळणीविना थेट जलधरात पोहोचते.

तीन: भूजलाचा प्रवाह ज्या दिशेने आहे त्या दिशेला आणि त्याच्या विरुद्ध बाजूला निरीक्षण विहिरी असाव्यात. नमुने बाहेरच्या यंत्रणेने घ्यावेत आणि निकाल ठरावीक मुदतीत, कोणी माहिती अधिकारात मागण्याची वाट न पाहता, प्रसिद्ध व्हावेत. केंद्रीय भूजल प्राधिकरण १९९७ पासून आहे. त्याचा भर आजवर किती उपसले यावर राहिला आहे. किती बिघडवले, हाही तितकाच त्याचा विषय व्हावा.

चार: परवान्याच्या निर्णयाला कालमर्यादा असावी, आणि संशोधन निधीत सांडपाण्याचा खर्च धरलेला असावा. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसारख्या संस्था उपकरणाला पैसे देतात. त्या उपकरणातून निघणाऱ्या द्रवाच्या विल्हेवाटीची ओळ अर्जात नसेल, तर तो अर्ज अपुरा मानावा. षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत रूपांतर करून चुन्याने ते अवक्षेपित करणे हा पदवीच्या वर्गातील प्रयोग आहे. तो प्रयोगवहीत केला जातो. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशीही केला जावा, एवढेच मागणे आहे.

यांतील एकही मागणी विज्ञानाविरुद्ध नाही. मोजल्याशिवाय विधान करू नये, मोजमाप इतरांना तपासता यावे, प्रतिकूल आकडा दडवू नये, हे विज्ञानाचेच नियम आहेत. ते कुंपणाच्या आतील जमिनीलाही लागू करावेत, इतकाच आग्रह आहे.

प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारता येतील असे दोन प्रश्न आहेत. हे बेसिन कुठे उघडते? आणि सर्वांत जवळच्या निरीक्षण विहिरीचा शेवटचा आकडा किती? दोन्हींची उत्तरे लगेच मिळाली, तर ती संस्था अभिमान बाळगण्याजोगी आहे. पहिल्याचे उत्तर ‘माहीत नाही’ आणि दुसऱ्याचे ‘अशी विहीरच नाही’ असे आले, तर लॉस अलामोसच्या घळीत १९५६ साली काय स्थिती होती, हे समजण्यासाठी वेगळा इतिहास वाचण्याची गरज नाही.